कोरा फ्लॅश

माझ्या चित्रांपुढं उभी राहिलेली माणसं पहिल्यांदा एकच विचारतात, "हे काय हाय?" झाड नाही, बाई नाही, देऊळ नाही, नुसता रंग. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. पण प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी पन्नासाव्या माणसानं हेच विचारलं की माझं डोकं फिरायचं. एकदा कोल्हापुरातल्याच प्रदर्शनात कान मोडलेले एक जुने पैलवान आले. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "ओ पावणं, ही उलटी तर टांगली न्हाईत न्हवं?" मी मागंच होते. म्हटलं, "उलटं करून बघा की. बरं दिसलं तर तसंच ठेवतो." त्यांनी खरोखर कमरेत वाकून, मान तिरकी करून बघितलं. मग सरळ होऊन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. असंच बरं हाय."

मी 'ठेवतो' म्हणाले, कारण आमच्याकडं बायका स्वतःला 'ठेवतो, जातो, आलो' असंच म्हणतात. कॉलेजात पुण्याकडचे एक सर माझं बोलणं दुरुस्त करायचे. लिहिताना सुधारले, बोलताना नाही.

नव्वदच्या आगंमागं मी कलेचं शिक्षण संपवून बाहेर पडले. वडील पोस्टात होते. आम्ही बौद्ध, शिकायला घरातून कधी आडकाठी झाली नाही, पण रंग कालवणं हे शिक्षण आहे हे वडिलांना पटवायला दोन वर्षं गेली. मी कळंब्याला एक खोली भाड्यानं घेतली, उजेड चांगला आणि शेजार शांत म्हणून. कळंब्याला राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "आत का बाहेर?" तिथं जेल आहे ना! या विनोदावर मी पहिली दोन वर्षं हसले.

चित्रं कुणी घेत नव्हतं. पोटासाठी कॅमेरा हातात घेतला. मी कुणाची नोकर नव्हते. तीन-चार स्टुडिओवाले बोलवायचे, तिथं जायची. बाई असल्याचा एक फायदा होता. हळद, डोहाळजेवण, बारसं, जिथं बायका मोकळ्या होऊन बसतात, तिथं बाप्या फोटोग्राफर नको असायचा. मंडपात पोरं मला बघून कोपरानं एकमेकांना ढोसायची, "अरे, बाईमाणूस!" मी एकदा स्टुलावर चढून सगळ्या मंडपाला "गप बसा आणि हिकडं बघा" असं ओरडले, तेव्हापासून त्या गावात मला दबकून असायचे.

लग्नाच्या फोटोचं काम मला एका म्हाताऱ्या स्टुडिओ मालकानं शिकवलं. माणूस हुशार. लेन्स, ॲपर्चर वगैरे त्यानं अर्ध्या दिवसात उरकलं. बाकीचे सहा महिने शिकवलं ते लग्नातलं वागणं. त्यात मुख्य धडा कोऱ्या फ्लॅशचा.

तेव्हा रोल होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नघर आधीच सांगायचं की तीन रोल, त्याच्या वर एक नाही. आणि मंडपात माणसं पाचशे. आहेर द्यायला स्टेजवर आलेला प्रत्येक जण नवरा-नवरीशेजारी उभा राहून माझ्याकडं बघायचा. फोटो काढला नाही तर राग, काढला तर दुपारी बारालाच रोल संपणार. मग करायचं काय? फ्लॅशच्या पाठीला एक बारकं लाल बटण असतं, तपासणीसाठी. ते अंगठ्यानं दाबलं की फ्लॅश उडतो, कॅमेरा तसाच राहतो. बँडच्या गलक्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला की नाही हे कोण ऐकतंय! माणूस खूश होऊन खाली उतरतो. आम्ही त्याला 'कोरा' म्हणायचो. "लोकास्नी फोटो नको असतोय," मालक म्हणायचा, "लोकास्नी फ्लॅश पायजे असतोय." आणि पुढं कुणी विचारलंच, की आमचा फोटो कुठं आहे, तर सांगायचं, रोल धुताना तेवढा खराब झाला.

पहिल्या लग्नात मला लाज वाटली. पाचव्या लग्नात नाही. दहाव्या लग्नापासून अंगठा आपोआप जायला लागला.

एक गोष्ट मात्र मालकानं सांगितली नव्हती. खरा फोटो काढताना मी माणसाकडं बघतच नसे. फोकस बघायची, मागचा खांब बघायची, कुणाचे डोळे मिटलेत का बघायची. कोरा फ्लॅश मारताना करण्यासारखं काही नसायचं, म्हणून मी नुसती बघायची. फ्लॅश उडाला की समोरचा माणूस क्षणभर लखलखीत दिसतो आणि डोळे मिटले तरी थोडा वेळ आत राहतो, रंग बदलून. हिरव्याचा तांबडा होतो, पांढऱ्याचा काळा. घरी आल्यावर तेच डाग मी कॅनव्हासवर लावायला लागले. "हे काय हाय?" याचं खरं उत्तर हे होतं. पण ते कुणाला सांगणार? ज्यांचे फोटो मी काढले नाहीत ती ही माणसं, असं?

लग्नसराई संपली की मी हुपरीला जायची. तिथं घराघरात पैंजण बनतात आणि व्यापाऱ्यांना नमुन्याचे फोटो लागतात. चांदीचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप; समोर जे असेल ते सगळं तिच्यात दिसतं, फोटोग्राफरच्या नाकासकट. म्हणून मी चारी बाजूंनी पांढरं कापड लावून आत पैंजण ठेवायची. ते मांडायला व्यापाऱ्यानं एक बाई दिली होती. ती त्याच्यासाठी घरी बसून पैंजणांना घुंगरं जोडायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली, एक मुलगी. कामाला चोख आणि तोंडानं गोड. तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली आणि चिरा पडून इतकी खरखरीत झालेली, की कापड सरळ करताना बोट कापडाला अडकायचं. "बगा आक्का, हे बोट न्हवं, कानस हाय," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. माझ्यापेक्षा मोठी असून मला आक्का म्हणायची. त्या भागात अनोळखी बाईला आदरानं तसंच म्हणतात.

तिसऱ्या वर्षी तिनं मुलीचं लग्न ठरवलं आणि मला म्हणाली, "फोटू तुम्हीच काढायचं, आक्का. दुसरं कोन नगो." तीन रोल ठरले.

लग्न घरापुढच्या मंडपात. मी सकाळी पोचले तेव्हा मुलीला हळद लागली होती आणि आई कुठं दिसत नव्हती. विचारलं तर कळलं, मागं तांदळाच्या पोत्यांपाशी आहे. विधवा बाईनं मंगल कार्यात पुढं यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, स्टेजवर तर नाहीच नाही. आईच्या जागेवर मुलीची मावशी आणि तिचा नवरा बसले. कन्यादान त्यांनी केलं, ओटी मावशीनं भरली, मुंडावळ्या मावशीनं बांधल्या. दिवसभर मावशीचा हात मुलीच्या खांद्यावर. बाई वाईट नव्हती, जीव लावून करत होती. पण माझ्या तिन्ही रोलांत आई म्हणून तीच येत होती आणि खरी आई आमटीला पाणी कमी पडतंय का बघत होती.

माझं डोकं तापलं होतं. आमच्यात लग्न लागताना माझी विधवा आत्या पहिल्या रांगेत बसते, फुलं टाकते, वधूवरांना जवळ घेते. कुणी काही बोलत नाही. मी मनातल्या मनात त्या मंडपातल्या सगळ्यांना शिव्या घालत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

दुपारी चारच्या सुमाराला जेवणं उरकली. नवरदेवाचे तीन मित्र गॉगल लावून स्टेजवर आले आणि नवरदेवाला मध्ये घेऊन "एक आमचा बी!" म्हणाले. वरपक्ष. कोरा मारला आणि पुढं बोभाटा झाला तर? म्हणून खरा काढला. चौतिसावा. शेवटच्या रोलमध्ये दोन उरले, ते पाठवणीला राखून ठेवले. पाठवणीचे फोटो नसतील तर तो अल्बम कोण हातात घेईल?

मग नवरदेवाला मित्र खाली घेऊन गेले. स्टेज रिकामं झालं. मुलगी हिरव्या शालूत त्या मोठ्या तांबड्या खुर्चीत एकटीच बसल्या बसल्या पेंगत होती, दमून. तेवढ्यात मागच्या कनातीतून आई आली. हात पदराला पुसत पुसत. खुर्चीच्या मागं, हातभर लांब उभी राहिली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "आक्का, माझा बी एक काढा की हिच्यासंगं. पटदिशी." बोलताना ती मंडपाकडं बघत होती, कुणाचं लक्ष तर नाही ना.

"लांब का उभ्या राहिलासा?" मी म्हटलं. "जवळ या. खांद्यावर हात ठेवा की पोरीच्या."

"नगो, आक्का. आज नगो."

"ठेवा म्हणतो न्हवं!" मी आवाज चढवला. दिवसभराचा राग होता तो. मुलीनं वळून बघायला सुरुवात केली तशी तिलाही दटावलं, "तू हलू नगोस. हिकडं कॅमेऱ्याकडं बघ."

आईनं हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला आणि ठेवला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि माझा अंगठा लाल बटणावर गेला.

मी विचार करून हे केलं नाही. विचार केला असता तर कदाचित काढला असता. दोन फोटो होते की रोलमध्ये! पण अंगठ्याला सवय लागली होती आणि दोन पाठवणीचे हे डोक्यात पक्कं होतं. फ्लॅश उडाला. आई कॅमेऱ्याकडं बघतच नव्हती. ती खाली स्वतःच्या हाताकडं बघत होती.

"आला का?" तिनं विचारलं.

"आला," मी म्हटलं.

ती लगेच कनातीमागं गेली. मी मनाशी म्हटलं, पाठवणीत हिला नीट घेऊ, मुलीच्या गळ्यात पडलेली. पण पाठवणीलाही मावशीच पुढं होती. आई दारात, चार बायकांच्या मागं, तोंडाला पदर लावून. दोन्ही फोटो मावशीच्या रडण्यात गेले.

अल्बम पोचवला. तिनं भांडण काढलं असतं तर मी मालकाचं ठरलेलं वाक्य तोंडावर फेकलं असतं आणि विसरून गेले असते. पण तिनं विचारलंच नाही. पुढच्या वर्षी मी हुपरीचं काम सोडलं. व्यापाऱ्याला सांगितलं, प्रवास झेपत नाही. प्रवासाचं काय, तासाभराचा रस्ता! मला त्या बाईच्या समोर बसवत नव्हतं, एवढंच खरं. कोरा मारणंही त्यानंतर बंद केलं. रोल माझ्याकडचे जादा घालायची आणि मालकाच्या शिव्या खायची.

त्या वर्षी मी एक मोठं चित्र सुरू केलं. या वेळी रंग न बदलता सगळं हिरवं आणि वरच्या कडेजवळ एक काळपट डाग. तो डाग कुठं बसवायचा ते मला जमेना. खरडून काढायची, परत लावायची. असं सात वेळा केलं. ते चित्र मी प्रदर्शनात लावलं, लोकांनी विचारलं "हे काय हाय?" आणि मी नेहमीसारखी चिडले.

वर्षं गेली. डिजिटल कॅमेरे आले, रोल धुणारी दुकानं एकेक करून झेरॉक्स काढायला लागली. आता हजार फोटो काढले तरी कुणी हिशोब विचारत नव्हतं. कोरा फ्लॅश हा प्रकारच उरला नाही. मी पण कॅमेरा बदलला, कॉम्प्युटर घेतला, इचलकरंजीच्या कापडवाल्यांची कामं करायला लागले. चित्रंही अधूनमधून विकली जायला लागली, लांबच्या लोकांना.

एक दिवस दुपारी दारात एक बाई उभी. तिशीची, हातात पिशवी. "वळखलासा का, आक्का?"

चेहरा नाही, पण 'आक्का' ओळखलं. ती हुपरीची मुलगी होती. आई जाऊन दोन महिने झाले होते, काविळीनं गेली होती. पाणी प्यायली आणि सरळ विषयावर आली.

"आईचा घरात एक फोटू न्हाई. मतदानाच्या कार्डावरचा हाय, त्यात ती चोरागत दिसतीया. पर ती मला सांगायची, तुज्या लग्नात आक्कांनी माजा एक काढलाय, तुज्या मागं उबी ऱ्हाऊन. मी म्हणायचो, मग अल्बमात कुटं हाय? तर म्हणायची, त्यांच्याकडं आसंल. चांगला आला म्हणून त्यांनी ठिवून घेतला आसंल."

मी तिचा रिकामा पेला उचलून उगीच विसळला.

"मग मागून का नाही घेतला तिनं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"म्हणायची, तुज्या अल्बमात माजा फोटू कशाला, सासरची नावं ठेवत्यात. हाय तितंच बरा हाय. आता त्येवढा मोठा करून द्या. भिताडाला लावायचाय."

मी भित्री निघाले. म्हटलं, "जुनं आहे, शोधावं लागेल. आठ दिवसांनी ये." ती जाताना मतदानाचं कार्ड ठेवून गेली, चेहरा ओळखायला बरं म्हणून.

शोधायचं काय होतं? तरी शोधलं. माझ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत असतात. त्या लग्नाचा तिसरा रोल काढला, खिडकीपाशी उजेडावर धरला. चौतिसावा, गॉगलवाले. पस्तिसावा, मावशी रडतेय. दोन फोटोंच्या मधे एक कोरी पट्टी असते, सुतळीएवढी. मी भिंग लावून ती पट्टी बघत बसले. ती आई तिथं होती. दुसरं कुठं असणार?

मग मला दुर्बुद्धी सुचली. कार्डावरचा चेहरा कॉम्प्युटरवर घेतला, डोळ्यांची भीती जरा पुसली, अंगाला दुसऱ्या एका बाईची साडी लावली आणि हिरव्या शालूतल्या मुलीच्या मागं उभी केली. एका दुपारचं काम. इतकं बेमालूम झालं की मालकानं पाठ थोपटली असती. मोठा प्रिंट काढला, पाकिटात घातला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

आठव्या दिवशी ती आली. मी चहा दिला. खण उघडायचा होता, एवढंच. ती चहा फुंकत होती आणि कप धरलेल्या तिच्या बोटांची टोकं काळी होती. आईचं काम आता तीच करत होती. माझ्यानं तो खण उघडवेना.

"फोटो नाही," मी म्हटलं.

"हरवला?"

"काढलाच नव्हता. नुसता फ्लॅश उडवला." आणि मी सगळं सांगितलं, लाल बटणापासून.

तिनं कप खाली ठेवला. "रोल संपला हुता?"

"नाही. दोन होते."

"दोन हुतं?"

"पाठवणीला ठेवले होते."

"त्या गॉगलवाल्यास्नी हुता," ती म्हणाली, "आणि माज्या आईला न्हवता." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. "दहा वर्सं ती लोकास्नी सांगत हुती वो, माजा एक फोटू हाय म्हणून. कोल्हापुरात हाय म्हणून."

मला रडू आलं. ती नाही रडली. पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या, कार्ड मागितलं. दारात गेल्यावर थांबली. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "कशी दिसत हुती तवा? मी तर समोर बगत हुतो. तुम्हीच म्हणालासा, हलू नगोस."

मी सांगितलं. जांभळट इरकल नेसली होती, काठ विटलेला. कपाळावर घाम. पदर कमरेला खोचलेला, तो वर येताना तिनं सोडला होता. हातभर लांब उभी होती, मी ओरडले म्हणून जवळ आली. हात पुढं केला, मागं घेतला, परत पुढं केला.

"आणि?"

"आणि तुझ्या खांद्यावर ठेवला."

ती वळली. "कुठल्या खांद्याव?"

"डाव्या. पदराला पिन लावली होती तिथं. फ्लॅश उडाला तेव्हा ती त्या हाताकडंच बघत होती."

तिचा हात स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला.

"त्यो आईचा हुता?" ती म्हणाली. "माजा डोळा लागला हुता, तुमच्या वरडण्यानं उगाडला. मला वाटलं मावशीचा. दिसभर तीच धरून हुती की. आन् हात उचलताना शालूचा धागा वढला गेला, सर्रकन. मी म्हटलं, मावशीची बांगडी अडकली. लई शिव्या घातल्या वो मी मावशीला मनात. अजून घालतो, शालू काढला की." मग तिनं स्वतःच्याच बोटांकडं बघितलं, आणि तेव्हा कुठं रडली.

त्या रविवारी ती शालू घेऊन आली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास. टेबलावर पसरला. डाव्या खांद्यावर येतो तिथं हिरव्या रेशमात एक धागा ओढला गेलेला, बोटभर लांब, टोकाला बारीकशी गाठ झालेली. भोवतीचं कापड किंचित चुणलेलं.

"ह्येचा काढा," ती म्हणाली.

डिजिटल कॅमेरा चार्ज करून ठेवलेला होता. मी तो बाजूला सारला आणि कपाटातून जुना काढला. एक रोल उरला होता, मुदत संपत आलेला. चांदीला लावायची तशी चारी बाजूंनी पांढरी कापडं लावली आणि आख्खा रोल त्या धाग्यावर काढला. छत्तीसच्या छत्तीस. ती शेजारी स्टुलावर बसून मोजत होती. मधेच एकदा म्हणाली, "आता खरंच काढताय न्हवं?" मी कॅमेरा तिच्या कानाला लावून खटका ऐकवला. खणातलं पाकीट ती गेल्यावर फाडून चुलीत घातलं.

छत्तिसातला एक तिनं निवडला. मी मोठा करून, फ्रेम घालून दिला. वर्षभरानं हुपरीला एका कामाला गेले होते तेव्हा तिनं रस्त्यातच गाठलं आणि चहाला नेलं. बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर तो होता. सगळं हिरवं आणि कडेजवळ एक ओढलेला धागा. फ्रेमला ताजा हार घातलेला, पुढं उदबत्ती. पैंजणांचा माल न्यायला आलेला एक माणूस खुर्चीत बसून मान तिरकी करून त्या फोटोकडं बघत होता.

"हे काय हाय?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "माजी आई हाय," आणि आत चहा ठेवायला गेली.